चष्मेवाल्यांचं बिऱ्हाड

चऱ्होलीत नवीन राहायला आला असाल, तर शेजाऱ्यांची ओळख व्हायला वेळ लागेल. उंच इमारतीत समोरच्या दारावरची पाटी पाठ व्हायलाच वर्ष जातं. पण एक बिऱ्हाड असं आहे, की त्याची ओळख आजच करून घ्यावी. पत्ता सोपा आहे: जुन्या गावठाणातला किंवा शेताच्या बांधावरचा कुठलाही फुललेला शेवगा. भेटायची वेळ सकाळी, ऊन चढायच्या आत. घरात माणसं दहा-बारा, कधी वीससुद्धा. आणि खूण अशी, की घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यावर पांढरा चष्मा आहे.

हा चष्मेवाला. चिमणीपेक्षा बराच लहान. चोचीपासून शेपटीपर्यंत मोजला तरी दहा सेंटिमीटरच्या आत बसतो. वजन आठ-नऊ ग्रॅम. पाठ हिरवी, त्यात पिवळसर झाक. गळा आणि शेपटीखालचा भाग पिवळाधमक. पोट राखाडी पांढरं. पानांत बसला की पानच होतो. तो दिसत नाही म्हणून लोक म्हणतात, इथे पक्षीच राहिले नाहीत. तो तर दोन हातांवर असतो.

त्याचा पहिला दोष म्हणजे नट्टापट्टा. चष्म्याची त्याला कोण मिजास! तो चष्मा म्हणजे डोळ्याभोवती इवल्याइवल्या पांढऱ्या पिसांचं कडं. दुर्बीण नीट लावून पाहिलं तर कळतं, की हे कडं पूर्ण गोल नाही. चोचीच्या बाजूला ते किंचित तुटतं आणि तिथे काजळ लावल्यासारखा काळपट ठिपका असतो. त्या पांढऱ्या-काळ्यामुळे चेहऱ्यावर कायम गांभीर्य. पाहणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ आता एखाद्या ग्रंथावर बोलणार. वागणं मात्र पहिल्यापासून उनाड. या फांदीवरून त्या फांदीवर, फुलाला उलटं लोंबकळून, डोकं खाली पाय वर. ग्रंथ राहिला बाजूला.

दुसरा स्वभाव: एकटं म्हणून राहायचं नाही. चष्मेवाल्याला एकांताची भीतीच वाटत असावी. खाताना, अंघोळ करताना, झाड बदलताना सगळे बरोबर हवेत आणि बरोबर आहेत याची खात्री दर दोन क्षणांनी हवी. म्हणून तोंड सतत चालू. बारीक, किंचित रडवेला ‘च्यीर, च्यीर’ असा आवाज. ‘आहेस ना?’ ‘आहे.’ ‘तू?’ ‘मीही आहे.’ अशी हजेरी दिवसभर चालते. शेवग्यावरून कडुनिंबाकडे निघायचं ठरलं की एक उडतो, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, आणि शेवटचा मागे राहिलेला घाबरून हाका मारत सुसाट सुटतो. त्या शेवटच्याची मला दर वेळी काळजी वाटते. तो दर वेळी वेळेवर पोचतो.

प्रेमळपणाही त्यांचा उघडा, चारचौघांत दाखवायचा. दुपारी उन्हाची तलखी वाढली की दोघं-तिघं एका काटकीवर अंगाला अंग चिकटवून बसतात आणि एकमेकांच्या मानेची, डोक्याची पिसं चोचीने विंचरतात. आपली चोच आपल्या डोक्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा हे काम दुसऱ्यानेच करायला हवं. एकाचं झालं की तो मान पुढे करून बसलेल्या दुसऱ्याची पिसं विंचरायला घेतो. सकाळी दवाने ओल्या झालेल्या पानांत अंग घुसळून केलेली अंघोळ आणि दुपारचं हे विंचरणं, या दोन गोष्टी चुकल्या तर त्याला करमत नाही.

आता जिभेचे चोचले. चष्मेवाला गोडखाऊ आहे आणि निसर्गाने त्याला त्यासाठी जीभही तशी दिली आहे. टोकाला तिचे धागे सुटे होऊन कुंचला झालेला असतो. फुलात घातली की मध टिपून घेते. माघ-फाल्गुनात पांगारा आणि काटेसावर लाल होतात तेव्हा त्याची दिवाळी. शेवगा तर जवळजवळ हक्काचा. सोसायटीच्या दारातला परदेशी बॉटलब्रशही त्याला चालतो. झाडाचं मूळ गाव तो विचारत नाही, मध आहे की नाही एवढंच विचारतो. जेवण आटोपून बाहेर आला की कपाळावर पिवळे पराग लागलेले दिसतात. ते पुसायची त्याला सवय नाही. तसाच पुढच्या फुलात डोकं घालतो आणि झाडाचं लग्न लावून मोकळा होतो. शेवग्याला शेंगा धरतात त्याचं मुख्य श्रेय मधमाश्यांचं, पण या कपाळालाही त्यातला वाटा द्यायला हवा.

गोडाबरोबर तिखटमीठही लागतंच. मावा, बारीक अळ्या, कोळी, पानांच्या मागे लपलेली अंडी, असं सगळं तो वेचून काढतो. पान उलटवून पाहण्याची त्याची पद्धत झडतीला आलेल्या फौजदाराची. परसातल्या कढीपत्त्यावर थवा येऊन गेला की झाड स्वच्छ झालेलं दिसतं. त्यावर फळं: उंबर, तुती, घाणेरीचे काळे दाणे. इथे त्याचा एक अवगुणही सांगायला हवा. पिकलेलं मऊ फळ दिसलं की चोच मारायचा मोह त्याला आवरत नाही. ऑस्ट्रेलियातले द्राक्षबागाईतदार तिथल्या चष्मेवाल्यांवर याच कारणाने रागावलेले असतात. बांधावर घाणेरीचं बी पसरवण्यातही याचा हात आहे. सद्गुणांचा पुतळा कोणी नसतो.

फेब्रुवारी उलटला की या गजबजलेल्या घरात वाटण्या होतात. एरवी क्षणभर एकटा न राहणारा पक्षी अचानक जोडीदार निवडतो आणि थव्याला रामराम करतो. पुढे पार पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत विणीचा हंगाम चालतो. एप्रिलच्या आसपास त्याला सर्वांत जोर असतो. ज्याचा आवाज रडवेला म्हटला, तोच या दिवसांत पहाटे फांदीवर बसून एक गोड, आधी मंद आणि मग चढत जाणारं गाणं म्हणतो. गाणं लहान, पण मनापासूनचं.

घर बांधण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. दोन काटक्यांचा दुबेळका शोधायचा आणि त्यात खोलगट घरटं टांगायचं. आपल्याकडे शेतावर काम करणारी आई झाडाला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्याला निजवते, तशी ही झोळी. कापड मात्र कोळ्याच्या जाळ्याचं. जाळ्याच्या चिकट धाग्यांनी गवताच्या काड्या, सालीचे तंतू, दगडफूल, कापूस एकत्र बांधायचा आणि त्याच धाग्याने झोळी काटकीला गुंडाळायची. तंतू तुटत नाही आणि पिल्लं वाढली की ताणलाही जातो. जोडी कामाला लागली की चारेक दिवसांत घर उभं. आणि घाई झाली तर? शेजाऱ्याच्या घरट्यातलं सामान उचलायलाही तो मागेपुढे पाहत नाही. दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांतून याने धागे लांबवल्याच्या नोंदी आहेत. चष्मा लावला म्हणून सगळेच सज्जन नसतात.

पण लगेच उलटी नोंदही सांगतो. स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यात जाऊन, पिल्लं परकी असताना, चष्मेवाला त्यांना किडे भरवताना पक्षिनिरीक्षकांनी पाहिला आहे. धागे चोरणारा आणि परक्याचं पोर भरवणारा पक्षी एकच. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

घरट्यात दोन, क्वचित तीन अंडी, फिकट निळी. आई-बाप आळीपाळीने उबवतात. साधारण दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत घर सोडतात. जन्मतात तेव्हा उघडीवाघडी असतात. पिसं आली, उडायला लागली, तरी चष्मा लगेच मिळत नाही. तो मागाहून येतो. नुकतं घरट्याबाहेर पडलेलं, बिनचष्म्याचं पोर आई-बापाच्या मधे बसून चोच वासतं, तेव्हा ते त्या घरातलं आहे यावर विश्वास बसत नाही.

त्याचे शत्रू आपले मित्र आहेत, ही एक अडचण. सकाळी भारद्वाज दिसला की आपल्याकडे दिवस चांगला जाणार म्हणतात. चष्मेवाल्याच्या घरात भारद्वाजाच्या पावलाने भलतंच घडतं, कारण अंडी आणि पिल्लं हा त्याचा आवडता खुराक. कावळा, खार, सरडा आहेतच. आणि आपण लाडाने दूध घातलेली मांजर आहे. म्हणून चष्मेवाला घर बांधायला दाट, काटेरी, गुंतागुंतीची जागा शोधतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याची भावकी मोठी आहे. या कुळात शंभराच्या आसपास जाती मोजल्या जातात आणि त्या आफ्रिकेपासून जपानपर्यंत, हिंदी महासागरातल्या बेटांपासून पॅसिफिकपर्यंत पसरल्या आहेत. इतकी सगळी पांगापांग गेल्या वीसेक लाख वर्षांतली, म्हणजे पक्ष्यांच्या हिशेबाने कालपरवाची. आठ-नऊ ग्रॅमचा जीव, पण थवा करून समुद्र ओलांडायची छाती. १८५६ साली ऑस्ट्रेलियाच्या बाजूने एक थवा वाऱ्यावर स्वार होऊन न्यूझीलंडला उतरला आणि तिथे कायमचा राहिला. कुणी नेलं नाही, कुणी बोलावलं नाही.

मात्र या प्रवाशाला एक विचित्र खोड आहे. एकदा बेट आवडलं की तो तिथून हलत नाही. शेजारचं बेट डोळ्यांना दिसत असलं तरी जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहून रंग बदलतो, आवाज बदलतो, वेगळी जात होतो. पसरायची हौस आणि रुतायची सवय एकाच स्वभावात. पहिलीने कुळ वाढवलं. दुसरीने त्याच्यावर संकट आणलं, कारण ज्याचं सगळं जग एका बेटाएवढं, त्याला बुडायला एक जहाज पुरतं.

जहाज हा शब्द शब्दशः घ्या. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाव नावाचं बेट आहे. १९१८ च्या जून महिन्यात ‘मकाम्बो’ नावाची आगबोट तिथे किनाऱ्याला लागून अडकली. बोटीतले काळे उंदीर पोहत बेटावर आले. बेटावरच्या पक्ष्यांनी असा उंदीर कधी पाहिलेला नव्हता. थोड्याच वर्षांत तिथले पाच प्रकारचे पक्षी जगातून नाहीसे झाले. त्यांत एक चष्मेवाला होता, कुळातला अंगापेराने धिप्पाड. ते उंदीर संपवायची मोठी मोहीम २०१९ साली झाली. पक्ष्याच्या दृष्टीने शंभर वर्षं उशीर झाला होता.

जावा बेटावर वेगळीच कथा. तिथे गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धा भरतात, बक्षिसं लागतात, आणि चष्मेवाला छोटा, स्वस्त, गोड गळ्याचा म्हणून त्याला मागणी. सापळे लावून थवेच्या थवे पिंजऱ्यांत गेले आणि त्या भागातल्या काही जाती आता धोक्यात आल्या आहेत. ज्याला एक क्षण एकटं राहवत नाही, त्याला एकेका पिंजऱ्यात एकटं टांगून लोक त्याच्या हाका ऐकतात आणि त्या हाकांना गाणं म्हणतात.

तिसरी कथा सेशेल्सची, आणि ती ऐकल्यावर धीर येतो. हिंदी महासागरातल्या या द्वीपसमूहात राखाडी रंगाचा, साधासुधा चष्मेवाला राहतो. १९३० च्या दशकानंतर तो कुणाला दिसला नाही, संपला असं सगळ्यांनी धरून चाललं. १९६० साली माहे बेटावर तो पुन्हा सापडला, पण मोजकाच. उंदीर, मांजरी, तोडलेलं जंगल, आणि त्यांच्या जोडीला एक पाहुणी: आपली साळुंकी. माणसांनी नेलेली ही साळुंकी तिथे दांडगाई करत फिरते आणि घरटी उद्ध्वस्त करते. आपल्या गच्चीवर भांडणारी बाई परदेशात जाऊन काय करते, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

१९९७ च्या सुमाराला कोन्सेप्शन नावाच्या छोट्या बेटावर या पक्ष्यांची एक मोठी वसाहत लक्षात आली. तिथून २००१ साली ३१ पक्षी उंदीरमुक्त केलेल्या फ्रेगेट बेटावर नेऊन सोडले गेले. तिथे त्यांनी संसार मांडला, पोरंबाळं वाढली. २००७ मध्ये आणखी दोन बेटांवर, कुझीन आणि नॉर्थवर, त्यांना वसवलं गेलं. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ रकान्यातून वर सरकत ‘असुरक्षित’ रकान्यात आला. धोका टळला नाही, पण मरणाच्या दारातून तो परतला. उंदीर काढायचे, झाडं लावायची, पक्षी मोजायचे, आणि घर एकाच जागी ठेवायचं नाही. उपाय एवढेच होते. ते करणारी माणसं मात्र वर्षानुवर्षं चिकटून राहिली.

आता चऱ्होलीला परत या. आपला चष्मेवाला लाल यादीत सर्वांत कमी चिंतेच्या रकान्यात आहे. तो भारतभर आहे, त्याला घनदाट जंगल लागत नाही, बाग चालते, बांध चालतो, नदीकाठचं झुडूप चालतं. मग एवढी काळजी कशाला, असं कुणीही विचारेल. उत्तर इथल्या जमिनीत आहे. १९९७ साली चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधी हे इंद्रायणीकाठचं शेतकरी गाव. बांधावर बाभूळ, बोर, हिंगणबेट, कुंपणाला निवडुंग आणि मेंदी, विहिरीवर उंबर, परसात शेवगा आणि कढीपत्ता. आता डीपी रस्ते पडले, शेतांचे प्लॉट झाले, आळंदीच्या वाटेवर आणि लोहगाव विमानतळाच्या बाजूला इमारती उभ्या राहिल्या. माणसांना घरं हवीत, त्यात गैर काही नाही. पण जेसीबी आला की आधी जातो तो बांध. बांधावरचं झुडूप कुणाच्या हिशेबातच नसतं. त्याला झाड म्हणत नाहीत, पीकही म्हणत नाहीत. कागदावर ते ‘साफसफाई’ होतं.

चष्मेवाल्याचं खरं घर नेमकं तेच. मोठ्या झाडावर तो जेवतो, झुडपात तो बहुधा पोरं वाढवतो. वृक्षतोडीला निदान कायदा आडवा येतो: १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा अधिनियम, पालिकेचं वृक्ष प्राधिकरण, परवानगी, हरकती. झुडपासाठी कुणी हरकत घेत नाही. त्याजागी सोसायटीच्या दारात रांगेने पाम लागतात, उंच आणि देखणे. पामच्या सरळ सोटावर झोळी कुठे टांगायची? चष्मेवाला दोन दिवस पाहतो आणि पुढे जातो. सेशेल्समध्ये बेटांभोवती समुद्र होता. इथे काँक्रीटच्या मधे उरलेला एकेक बांध, एकेक जुनं परस ही त्याची बेटं आहेत, आणि या बेटांत फट वाढत चालली आहे.

दुसरा घाव आपण शुद्ध हेतूने घालतो. पावसाळ्याआधी फांद्या पडू नयेत म्हणून एप्रिल-मे महिन्यांत छाटणी होते. विणीचा भर तोच. खाली पडलेल्या शेवग्याच्या फांदीत घरटं असतं आणि ते पाहायला कुणाला सवड नसते. कायदा इथे फार स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला उपद्रव देणंही येतं. कुऱ्हाड चालवणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. सांगायला हवं ते त्याला काम देणाऱ्यांनी.

करण्याजोगं फार थोडं आहे आणि ते सगळं आपल्या आवाक्यात आहे. छाटणी हिवाळ्यात करून घ्यावी. धोक्याची फांदी तेवढी उन्हाळ्यात, आणि तीही पाहून. सोसायटीच्या कुंपणालगत दहा-पंधरा फुटांचा पट्टा मेंदी, अडुळसा, कढीपत्ता, तुतीला मोकळा द्यावा आणि त्याला कात्रीने चौकोनी करू नये. कीटकनाशकाची फवारणी आवरती घ्यावी. ज्या माव्यावर औषध मारतो तेच पिल्लांचं जेवण असतं. नदीकाठ सुशोभित करताना काठावरचा झाडोरा तसाच राखण्याचा आग्रह हरकती-सूचनांच्या मुदतीत लेखी नोंदवावा. विणीच्या दिवसांत मांजर पहाटे घरात ठेवावी.

आणि त्याला मोजावं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो; निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना होते, त्यात भारत २०१३ पासून आहे. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसले ते पक्षी नोंदवायचे, एवढंच काम. सगळेजण दुर्मिळ पक्ष्यामागे धावतात आणि नेहमीचा पक्षी नोंदीतून सुटतो. मग तो कमी झाला तरी ते कळायला आकडा नसतो. सेशेल्सचा पक्षी वाचला, कारण कुणीतरी बेटाबेटांवर जाऊन तो मोजला होता.

तेव्हा ओळख झाली आहे, आता शेजारधर्म पाळा. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत पार्किंग आणि पाण्याच्या टँकरनंतर हा विषय घ्या. माळीदादांना सांगा, की मार्च ते सप्टेंबर फांदीला हात लावण्याआधी आत डोकावून पाहायचं. घरटं सापडलं तर चार दिवस बांधकामाचे, दहा उबवणीचे, दहा-बारा पिल्लांचे, असा हिशेब धरून त्या फांदीला महिनाभर हात लावायचा नाही. सेशेल्समधल्या माणसांना एक पक्षी परत आणायला बोटी, बेटं आणि कितीतरी वर्षं लागली. चऱ्होलीचा पक्षी गेलेलाच नाही. त्याला इथेच ठेवायला एक महिन्याचा धीर पुरतो, आणि तेवढा आपल्यापाशी असायलाच हवा.